संस्था स्थापणे आणि संस्था चालविणे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाचा प्रसंग आला म्हणजे दात्यांच्या नावांचे फलक धुऊन-पुसून स्वच्छ केले जातात, संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले जातात आणि स्मरणिकेत त्यांच्या औदार्याचे यथोचित वर्णन छापले जाते. हे सर्व योग्यच आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी ज्ञानदानाची वाट आपल्या समाजाने कधी सोडली नाही. बीड जिल्ह्यातील ओसवाल असोत, सैतवाल असोत वा खंडेलवाल, दुष्काळाच्या वर्षीही शाळेच्या खोलीसाठी मागितलेली रक्कम सहसा परत गेलेली नाही. परंतु संस्था उभी राहिल्यानंतर ती कोणी चालविली, कशी चालविली आणि चालविण्याची विद्या तो माणूस कोठे शिकला, याचा फलक कोठेही आढळत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो न लावलेला फलक आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याक समाजांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचे प्रशासन करण्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यानंतर या हक्काची चर्चा आपल्या सभांतून पुष्कळ झाली. पण चर्चा बहुधा 'स्थापन' या शब्दावर थांबली. संविधानात क्रियापदे दोन आहेत. दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात स्पष्ट केला : प्रशासन करण्याच्या हक्कात गैरप्रशासन करण्याचा हक्क समाविष्ट होत नाही. पुढील काळात न्यायालयाने असेही मानले की, आपल्या संस्थेचा प्रमुख निवडण्याचे स्वातंत्र्य हा या हक्काचा अतिशय महत्त्वाचा भाग आहे. निवडीचे स्वातंत्र्य अशा रीतीने मिळालेले आहे. ज्यांच्यातून निवड करावयाची ती माणसे मात्र आपल्यालाच तयार करावी लागतात.

हा विचार आपल्याकडे परक्या देशातून आला असे कोणी समजू नये. व्यवहारसूत्र या छेदसूत्राच्या तिसऱ्या उद्देशकात संघातील पदांची पात्रता सांगितली आहे. तीन वर्षांचा दीक्षापर्याय आणि आचारप्रकल्पाचे ज्ञान असेल तर उपाध्यायपद. पाच वर्षे आणि दशा, कल्प, व्यवहार यांचे ज्ञान असेल तर आचार्यपद. आठ वर्षे आणि स्थानांग-समवायांगाचे ज्ञान असेल तर गणावच्छेदकासारखे पद. येथे वर्षांची अट आहे आणि तिच्याजवळच अध्ययनाची अट आहे. केवळ वर्षे भरली म्हणून गण सोपवावा असे शास्त्रकारांनी म्हटलेले नाही, आणि केवळ विद्वान आहे म्हणूनही म्हटलेले नाही. शिवाय ज्या ग्रंथांचे ज्ञान अपेक्षिले आहे त्यांतील निवड पाहावी. दशा, कल्प आणि व्यवहार हे संघाचे नियम, मर्यादा आणि प्रायश्चित्त सांगणारे ग्रंथ आहेत. म्हणजे ज्याला संघ चालवावयाचा आहे त्याने संघ चालविण्याचे शास्त्र वाचलेले असावे, अशी अपेक्षा स्पष्टपणे मांडलेली आहे. ज्या पूज्य अमोलकऋषीजींनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला, त्यांच्या नावाने आपल्या आष्टी तालुक्यात कडा येथे विद्या प्रसारक मंडळ उभे आहे. त्यांच्या अनुवादामुळे हे सूत्र सामान्य श्रावकालाही वाचता येते. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

व्यापारातही याहून निराळी रीत नव्हती. कापडाच्या दुकानात मुलगा वयात आला म्हणून त्याला लगेच गादीवर बसविले जात नसे. दोन वर्षे दुसऱ्या गावच्या पेढीवर नातेवाइकाकडे ठेवीत. तेथे तो थान उलगडण्यापासून सुरुवात करी, वार मोजी, रोजकीर्द लिही, खतावणी ताडून पाही, उधारीच्या वसुलीला मुनिमाच्या मागे आठवडी बाजारातून फिरे, आणि मग घरच्या गादीवर येई. दोन-चार लाखांच्या दुकानासाठी एवढी काळजी घेणारा समाज, ज्या महाविद्यालयाचे वेतन-अनुदान कोट्यवधी रुपयांचे असते आणि जेथे हजारभर मुलामुलींचे भवितव्य गुंतलेले असते, तेथे मात्र सेवाज्येष्ठतेची यादी पाहून खुर्ची देतो. ही विसंगती कोणा एका संस्थेची नाही. ती सर्वत्र आहे.

कायदाही येथे मदतीला येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., किमान १५ वर्षांचा अध्यापन वा संशोधनाचा अनुभव, किमान १० संशोधन लेख आणि ११० संशोधन गुण आवश्यक आहेत. मुदत पाच वर्षांची असून ती आणखी एकदा मिळू शकते. या अटींत प्रशासनाच्या अध्ययनाची अट नाही. परिणाम असा होतो की, आयुष्याची वीस वर्षे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वा मध्ययुगीन इतिहासाच्या दफ्तरांत घालविलेला एक सज्जन, विद्वान प्राध्यापक एका सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या दालनात प्रवेश करतो आणि त्याच्यापुढे बिंदुनामावली, वेतनाची देयके, लेखापरीक्षणातील आक्षेप, शिष्यवृत्तीची थकबाकी, न्यायालयाची नोटीस आणि दोन विभागप्रमुखांचे भांडण अशा सहा गोष्टी एकदम येतात. त्यांतील एकीचेही शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. तो मग कार्यालयीन अधीक्षकावर विसंबतो. अधीक्षक चांगला असेल तर पाच वर्षे निभावतात. नसेल तर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्राचार्यांना बोल लावला जातो. पण न शिकविलेल्या विद्येची परीक्षा घेणे हा कोणता न्याय?

या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे. त्यांची जयंती आपण साजरी करतो, ते जैन कुळात जन्मले याचा अभिमान बाळगतो. परंतु त्यांनी माणसे कशी घडविली याचा अभ्यास फारसा करीत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यानंतर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या या मुलाने पुढे सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले, ही गोष्ट जैन संस्थांच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदविली पाहिजे. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण गेले नाही. ओगले, किर्लोस्कर आणि कूपर यांच्या कारखान्यांच्या मालाची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याला माणूस ओळखता येतो आणि हिशेब ठेवता येतो. हे दोन्ही गुण त्यांना नंतर उपयोगी पडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आले. वसतिगृहातील मुलांना अन्न मिळावे म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकिकत महाराष्ट्रातील प्रत्येक घराला माहीत आहे.

या त्यागाच्या कथेपुढे दुसरी एक गोष्ट झाकली जाते. १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यालय सुरू केले. खेड्यापाड्यांतून शेकडो प्राथमिक शाळा काढण्याचा त्यांचा झपाटा त्यानंतरचा आहे. म्हणजे आधी शिकविणारा तयार केला, मग शाळा काढली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि लगेच १९५५ साली पुन्हा अध्यापकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, असा हा क्रम आहे. इमारतींबरोबर माणसे घडविण्याची सोय करीत जाणारा असा संस्थापक विरळा.

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी वरच्या फळीसाठी केली. स्वतःचे शिक्षण अपुरे आहे हे त्यांना ठाऊक होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती. वसतिगृहात कष्ट करून शिकणाऱ्या मुलांतून त्यांनी गुणी मुले हेरली आणि त्यांना वर चढविले. अशांपैकी पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. बॅरिस्टर झालेल्या तरुणाला त्या काळी मुंबईत काय मिळाले असते याचा हिशेब कोणीही करू शकेल. ते संस्थेच्या सेवेत परत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आजीव सेवकांची जी परंपरा रयतेत निर्माण झाली, तिचा अर्थ हाच की, संस्थेचे नेतृत्व एखाद्या घराण्याच्या वारशाने चालत न जाता संस्थेत घडलेल्या आणि संस्थेबाहेर जाऊन शिकलेल्या कार्यकर्त्यांकडे जावे. कर्मवीरांचे निधन ९ मे १९५९ रोजी झाले. संस्थापक गेल्यावर पंधरा-वीस वर्षांत संस्था विस्कळीत होतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. रयत आज चाळीसहून अधिक महाविद्यालये आणि चारशेहून अधिक माध्यमिक शाळा चालविते. कर्मवीरांची पुण्याई त्यात आहेच; पण केवळ पुण्याईवर वेतनाची देयके वेळेवर निघत नाहीत.

आपल्या मराठवाड्याचा दाखलाही घेता येईल. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तोपर्यंत या भागातील महाविद्यालये हैदराबादकडे पाहत होती. नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून सु. रा. डोंगरकेरी यांची निवड झाली. ते दीर्घकाळ मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते. मुंबई विद्यापीठाचा १८५७ पासूनच्या शंभर वर्षांचा इतिहास त्यांनी लिहिला, विद्यापीठांच्या स्वायत्ततेवर ग्रंथ लिहिला. परीक्षा, संलग्नता, अधिसभा आणि अर्थसंकल्प यांच्या कारभारात मुरलेला आणि त्या कारभाराचा विषय म्हणून विचार केलेला माणूस नव्या विद्यापीठाला प्रथम लाभला, हे मराठवाड्याचे भाग्य म्हटले पाहिजे. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये आज त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. १९९४ पासून त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे.

महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झालेल्या डॉ. चित्रा नाईक यांचा मार्ग आणखी वेगळा. त्यांनी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. केली, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये पुढील अध्ययन केले आणि परत येऊन ग्रामीण शिक्षणाच्या कामात स्वतःला घातले. पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पती जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेली आणि १९७६ मध्ये पुण्यास आलेली भारतीय शिक्षण संस्था ही त्यांचीच निर्मिती. शिक्षणाचा कारभार हा स्वतंत्र अध्ययनाचा विषय आहे, हे या दांपत्याने मराठी मुलखात रुजविले.

परदेशात हा विषय जुना आहे. अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात जी. स्टॅन्ली हॉल यांनी १८९३ साली उच्च शिक्षण या विषयावर अभ्यासक्रम घेतला, तेथून त्याची सुरुवात मानतात. आज तेथे महाविद्यालयाच्या कारभारात पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट घेऊन विद्यार्थी-कल्याण, प्रवेश, वित्त अशा विभागांत प्रवेश करणारे तरुण सर्रास आढळतात. आपल्याकडे १९६२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत शैक्षणिक नियोजन व प्रशासनाचे केंद्र निघाले. तेच नावे बदलत १९७९ मध्ये राष्ट्रीय संस्था आणि २००६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. नीपा या नावाने ते ओळखले जाते. तेथे या विषयात पीएच.डी. करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने उच्च शिक्षणाची पदव्युत्तर पदविका आणि शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येईल अशा रीतीने आखल्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठीतून शालेय व्यवस्थापनाची पदविका दिली. मुख्याध्यापकांना तिचे नाव परिचित आहे. २०१८ नंतर केंद्र शासनाने भावी कुलगुरू-प्राचार्यांसाठी तीन आठवड्यांचा नेतृत्व कार्यक्रमही काढला, त्यात दोन आठवडे देशात आणि एक आठवडा परदेशात होता. तीन आठवड्यांत माणूस उत्साहित होतो. पदविकेचे वर्षभर वाचन आणि प्रकल्प यांची सर त्याला येत नाही.

येथे कोणी विचारील की, या अध्ययनात असते तरी काय? संस्थेचा अर्थसंकल्प वाचणे आणि बनविणे, सेवाशर्तींचा कायदा, विद्यापीठ अधिनियम, निर्णयप्रक्रिया, अध्यापकांचे मूल्यमापन, विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण, तक्रार-निवारण, समित्यांचे कामकाज. नाव घेतले तर रुक्ष वाटते. परंतु बीड जिल्ह्यातील एका साध्या प्रश्नावर ते लावून पाहावे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता मोजला जातो. घरी म्हातारी माणसे, लहान भावंडे आणि बहुतेक वेळा महाविद्यालयात जाणारी एक मुलगी राहते. स्वयंपाक, गुरे आणि भावंडांची शाळा तिच्याकडे येते. तिची हजेरी कमी होते, पहिल्या सत्राची परीक्षा हुकते आणि वर्षअखेरीस ती 'गळती' या एका आकड्यात मिळून जाते. महाविद्यालयाच्या अहवालात तो आकडा छापलेला असतो. तो पाहून प्राचार्य हळहळतात, विश्वस्त हळहळतात, आणि पुढील वर्षी तोच आकडा पुन्हा छापला जातो.

ज्याने संस्थेच्या माहितीचे विश्लेषण शिकले आहे, तो प्रथम हा एक आकडा फोडतो. हजेरी महिन्यावार लावतो, तालुक्यावार लावतो, मुली आणि मुलगे वेगळे करतो. मग त्याला दिसेल की प्रश्न जून महिन्याचा नाही. तो विशिष्ट गावांत आणि विशिष्ट आठवड्यांत उभा राहतो. परीक्षा-अर्जाचे शुल्क भरण्याची मुदत आणि टोळ्या निघण्याची वेळ बहुधा लागूनच येते, हेही त्याच्या ध्यानात येईल. उचल मिळालेली असते ती जुन्या कर्जात गेलेली असते; शुल्काला पैसे उरत नाहीत. उपाय फार मोठा नाही. शुल्काची रक्कम हंगामापुरती उचलून धरणारा एक लहान निधी, वसतिगृहात चार-पाच महिन्यांसाठी काही जागा आणि त्या गावांतील मुलींशी दर आठवड्याला संपर्क ठेवणारी एक अध्यापिका. त्यासाठी लागणारा पैसा आपल्या ट्रस्टसारख्या संस्थेकडे असतो. तो कोठे, केव्हा आणि किती लागेल हे सांगणारा माणूस नसतो. मग तोच पैसा प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्च होतो, कारण कमानीचा प्रस्ताव घेऊन येणारा माणूस असतो.

भाऊरावांची 'कमवा आणि शिका' योजना तरी दुसरे काय होते? गरीब मुलाचा प्रश्न त्यांनी करुणेपुरता ठेवला नाही. त्याचे काम, त्याचे तास आणि त्याचे अन्न यांचा मेळ घालून व्यवस्था बसविली. करुणा आपल्याकडे मुबलक आहे. व्यवस्था बसविण्याचे कसब शिकावे लागते.

आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेले श्री. शांतिलाल मुथा यांचे काम या संदर्भात आठवते. कड्याच्या जैन वसतिगृहात ते शिकले. १९८५ मध्ये भारतीय जैन संघटनेची स्थापना झाली आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी संघटनेने घेतली. एवढी मुले अचानक एका ठिकाणी सांभाळावयाची म्हणजे भोजनापासून मानसिक आधारापर्यंत प्रत्येक गोष्टीची पद्धत बसवावी लागते. पुढे २००९ साली 'मूल्यवर्धन' उपक्रम सुरू झाला तो बीड जिल्ह्यातील पाचशे जिल्हा परिषद शाळांपासून. त्यातही साहित्य तयार करणे, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परिणाम मोजणे असा क्रम होता. वसतिगृहातून निघालेला मुलगा असे काम उभे करू शकतो, हे वसतिगृहांना देणगी देणाऱ्यांना समाधान देणारे आहे. परंतु असा मुलगा पुन्हा आपोआप निघेल अशी वाट पाहत बसणे हे संस्थेचे धोरण होऊ शकत नाही.

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात तेही ऐकून घेतले पाहिजेत. नेतृत्व जन्मजात असते, ते पदविकेने येत नाही, असे म्हणतात. अंबाजोगाईचे नाव घेतले की स्वामी रामानंद तीर्थ आठवतात. निजामाच्या राजवटीत, गावाचे नाव मोमिनाबाद असताना, ते तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि पुढे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झाले. त्यांच्याइतका जन्मजात नेता कोण? पण मुख्याध्यापक होण्यापूर्वी त्यांनीही कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले होते. अंगचा गुण असणारालाही उमेदवारी करावी लागली, तर सामान्य गुणाच्या माणसाला अध्ययनाची गरज नाही असे कसे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : संस्थेच्या पैशाने शिकून माणूस मोठ्या शहरात निघून जाईल. काही जातील. सेवेचा लेखी करार केल्याने काही थांबतील. परंतु ज्या संस्थेत शिकून आलेल्या माणसाला काहीच करू दिले जात नाही, तेथून तो करार मोडूनही जातो.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, म्हणून तो अधिक खोल आहे. शिकलेला प्राचार्य प्रश्न विचारील. बांधकामाची निविदा का काढली नाही असे विचारील. नेमणुकीत नातेसंबंध पाहिला तर अडवील. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आवश्यक केली आहे. तिच्या बैठका कागदावर न होता खरोखर व्हाव्यात असे तो म्हणेल. विश्वस्तांना हे सहन करावे लागेल. अपरिग्रहाचे व्रत धनापुरते मर्यादित ठेवले तर ते सोपे आहे. अधिकाराच्या बाबतीत ते फार कठीण जाते, आणि आपल्या बहुतेक ट्रस्टांत कसोटी तेथेच लागते.

हा सारा विचार आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे आणि प्रत्येक महाविद्यालय स्वायत्त करून त्याचा कारभार स्वतंत्र नियामक मंडळाकडे देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे; त्यासाठी २०३५ चा उल्लेख आहे. शासनाची उद्दिष्टे वेळेवर पूर्ण होतातच असे नाही. पण दिशा ठरलेली आहे. आजवर अभ्यासक्रम विद्यापीठाने दिला, प्रश्नपत्रिका विद्यापीठाने काढल्या, निकाल विद्यापीठाने लावले. उद्या हे सर्व पाटोदा, गेवराई, माजलगाव, आष्टी येथील महाविद्यालयाला स्वतः करावे लागेल. ज्या महाविद्यालयात हे जाणणारी तीन-चार माणसे नसतील, ते दुसऱ्यात विलीन होईल किंवा बंद पडेल. ते बंद पडले तर कापड-किराणा दुकानदारांची मुले पुण्यास जाऊन शिकतील. कोयत्यावर गेलेल्यांच्या मुली कोठेही जाणार नाहीत. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीतही सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा राहिला आहे. इमारत चांगली आणि सहाव्या निकषात गुण कमी, असे अहवाल वाचावयास मिळतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीच्या व्याजातून एक तरतूद विश्वस्त मंडळापुढे ठेवावयाची आहे. चाळिशीच्या आतील, वर्गात चांगले शिकविणारे आणि विद्यार्थ्यांत मिसळणारे दोन अध्यापक दरवर्षी निवडावेत. त्यांतील एक महिला असावी. ते जैनच असावेत असा आग्रह धरू नये; भाऊरावांनी तो धरला नाही. त्यांचे पदव्युत्तर पदविकेचे शुल्क, पुस्तके आणि प्रवास ट्रस्टने द्यावा. प्रकल्पासाठी त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या संस्थेचा खरा प्रश्न घ्यावा आणि अहवाल विश्वस्तांपुढे वाचावा, तो कितीही अप्रिय असला तरी. अध्ययन पूर्ण झाल्यावर त्यांना एकदम खुर्ची देऊ नये. परीक्षा विभाग, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांपैकी एका विभागाचा पूर्ण कारभार, खर्चाच्या अधिकारासह, दोन वर्षे सोपवावा. पेढीवर असेच होत असे. पाच वर्षांत दहा माणसे तयार होतील. त्यांतील चार टिकली तरी पुरे.

खर्च एका वर्गखोलीच्या बांधकामाहून बराच कमी येईल. अडचण पैशापेक्षा तासिकांची आहे. शिकणाऱ्या अध्यापकाच्या तासिका संपर्क-सत्राच्या काळात कोणी घ्यावयाच्या हे आधी ठरले नाही, तर सहकारी कुरकुर करतात आणि पहिल्याच वर्षी योजना बारगळते. त्यासाठी निवृत्त प्राध्यापकांची एक यादी करून ठेवावी. गावात असे आठ-दहा जण सहज मिळतील आणि मानधनापेक्षा बोलावणे आल्याचाच त्यांना अधिक आनंद होईल. मुक्त विद्यापीठांचे प्रवेश साधारणतः जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. जुलैचे सत्र साधावयाचे असेल तर दोन नावे महावीर जयंतीपर्यंत निश्चित करावी लागतील.